नरक्याच्या पानांतलं कॅम्प्टोथेसिन आणि टोपोआयसोमरेज-१ : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

उद्दिष्ट एका वाक्यात: नरक्याच्या पानांचा अर्क डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमवर नेमकं काय करतो आणि त्यातला किती परिणाम कॅम्प्टोथेसिनचा, किती टॅनिनचा (प्रथिनांना चिकटणाऱ्या तुरट द्रव्याचा), हे वेगळं करून दाखवणं. ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने एन्झाइम अडवलं’ असं वाक्य लिहायला एक जेल (विजेने पळवून डीएनएचे पट्टे वेगळे दाखवणारा थर) पुरतं. ते वाक्य खरं आहे का, हे कळायला बाकी सगळं लागतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी नॉर्थ कॅरोलायनात, कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात, म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियानात, असल्याचं दाखवलं. ते टोपोआयसोमरेज-१ वर काम करतं हे १९८५ मध्ये उलगडलं. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या त्याच्यापासून घडवलेल्या कर्करोगाच्या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

सह्याद्रीतला नरक्या साल आणि मुळांसाठी तोडून नेला जातो. महाबळेश्वर, कोयना, आंबोली, राधानगरी या पट्ट्यात ही चोरटी तोड जुनी आहे. साल आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन जास्त असतं हे खरं, पण त्यासाठी झाड जातं. म्हणून या कामात मालकीच्या जागेत लावलेल्या झुडपांच्या छाटणीची पानंच घ्यायची. जंगलातला एकही नमुना नाही. फांदी, फुलोरा आणि फळासह एक नमुना दाबून वाळवला, ओळख पटवून घेतली आणि हर्बेरियममध्ये जमा केला. ओळख न पटवता सुरू केलेल्या कामाला पुढे कोणी विचारत नाही.

७ नोव्हेंबर

पानं नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतली. सावलीत पसरून सुकवली, शेवटी ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवली. तापमान याहून वाढवायचं नाही. पानं जाड थरात पसरली की मधल्या पानांना बुरशी धरते आणि ती वरून दिसत नाही. दिवसातून दोनदा उलथायची.

मिक्सरमध्ये दळून ४० मेशच्या चाळणीतून काढलं. अगदी मैद्यासारखी पूड करू नये. फिल्टर कागद तुंबतो. दळताना मास्क, हातमोजे आणि धुराडं (वाफा ओढून घेणारं कपाट) चालू. हे द्रव्य पेशींना मारणारं आहे, वासावरून किंवा ‘झाडपाल्याचं आहे’ म्हणून त्याला सौम्य समजू नये. पूड गडद रंगाच्या बाटलीत, प्रकाशापासून दूर.

११ नोव्हेंबर

१० ग्रॅम पूड. आधी १०० मिली हेक्झेनमध्ये दोन तास ढवळून तेल, मेण आणि थोडंफार क्लोरोफिल काढलं. हेक्झेन वेगळं काढून पूड धुराड्यात कोरडी केली. ही पायरी गाळली की पुढे क्लोरोफॉर्ममध्ये हिरवा चिकट थर येतो आणि तो एचपीएलसीच्या (दाबाखाली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉलमवर जाऊन बसतो.

मग ८० टक्के मिथेनॉल, १५० मिली, खोलीच्या तापमानाला रात्रभर शेकरवर. गाळून तीच पूड पुन्हा १०० मिलीत, दोनदा. नुसतं शुद्ध मिथेनॉल का नको? थोडं पाणी असलं की पानाची पेशी फुगते आणि द्रव्य बाहेर सुटतं. कॅम्प्टोथेसिन मिथेनॉलमध्येही फारसं विरघळत नाही, त्यामुळे एकदाच भरपूर द्रावक घालण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा घातलेलं बरं.

तिन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटरीवर (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांना आटवलं. मिथेनॉल उडून शेवटी पाणी उरतं तेव्हा फेस उसळतो. तिथे निर्वात हळूहळू वाढवायचा, नाहीतर अर्क कंडेन्सरमध्ये चढतो. कोरडा अर्क १.८ ग्रॅम निघाला.

१२ नोव्हेंबर

टीएलसी, म्हणजे पातळ थरावर द्रव्यं वेगळी करून बघणं. सिलिकाची प्लेट, क्लोरोफॉर्म ९५ आणि मिथेनॉल ५. शेजारी शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा ठिपका. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली कॅम्प्टोथेसिन झळझळीत निळं दिसतं, क्लोरोफिलचे ठिपके लाल. अर्काच्या रांगेत शुद्ध ठिपक्याच्या उंचीवर निळा ठिपका आहे आणि त्याच्या जवळ आणखी एक निळसर; तो बहुधा ९-मेथॉक्सीकॅम्प्टोथेसिनचा, कारण नरक्यात हे भावंड असतंच. ओळख एचपीएलसीवर पक्की करायची.

१४ नोव्हेंबर

अर्काचे दोन भाग. निम्मा, म्हणजे ०.९ ग्रॅम, तसाच ठेवला: याला पुढे ‘कच्चा अर्क’ म्हणू. उरलेला निम्मा ५० मिली पाण्यात कालवला, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३.५ वर आणला आणि ५० मिली क्लोरोफॉर्मने तीनदा हलवला.

पीएच खाली आणण्याचं कारण इथेच नोंदवतो, कारण पुढे पुन्हा पुन्हा ते लागेल. कॅम्प्टोथेसिनच्या पाच कड्यांपैकी शेवटचं, ‘ई’ कडं लॅक्टोनचं आहे. ते बंद असेल तरच रेणू एन्झाइमवर नीट काम करतो. आम्लात ते बंद राहतं, पीएच ७.४ आणि ३७ अंशांना साधारण २० ते ३० मिनिटांत निम्मं उघडतं आणि कार्बॉक्सिलेट, म्हणजे उघड्या कड्याचं रूप, होतं. कार्बॉक्सिलेट पाण्यात विरघळतं, क्लोरोफॉर्ममध्ये येत नाही. म्हणजे पीएच सांभाळला नाही तर मालही जातो आणि गुणही. हीच गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांच्या चाचण्यांत महागात पडली होती: पाण्यात विरघळावं म्हणून सोडियम क्षार दिला, तो बराचसा निष्क्रिय होता आणि मूत्राशयातल्या आम्लधर्मी लघवीत पुन्हा बंद कड्याचा होऊन रक्तस्रावी मूत्राशयदाह करत होता. चाचण्या थांबल्या.

क्लोरोफॉर्म हलवताना इमल्शन होतं, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळून वेगळे होत नाहीत. जोरात हलवण्याऐवजी फनेल उलटसुलट करायचं. तरी झालंच तर ५ ग्रॅम मीठ घालायचं आणि काचेच्या नळीत ३००० आरपीएमवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचं. प्लॅस्टिकची नळी नको. पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं.

दोन थरांच्या मध्ये पिवळसर भुकटी तरंगताना दिसली तर फेकू नये. ते न विरघळलेलं कॅम्प्टोथेसिन असू शकतं. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ४:१ मध्ये घेऊन मूळ क्लोरोफॉर्ममध्येच मिसळायचं. या भागाचं कोरडं वजन ६० मिलिग्रॅम. याला ‘क्लोरोफॉर्म भाग’ म्हणू.

१९ नोव्हेंबर

एचपीएलसी. सी-१८ कॉलम, २५० गुणिले ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. चल द्रावक: अ‍ॅसिटोनायट्राइल ३०, पाणी ७०, दोन्हीत ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. वेग मिनिटाला १ मिली, इंजेक्शन २० मायक्रोलिटर. शुद्ध द्रव्याच्या पाच पातळ्या: १, ५, १०, २५, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली.

आम्ल न घालता चालवलं तर आलेखातल्या शिखराला पुढून फुगीर खांदा येतो: कार्बॉक्सिलेट आधी उतरतं आणि मोजणी कमी भरते. कॉलम खराब झाला असं समजून नवा कॉलम लावण्याआधी हे बघावं.

मोजणी ३७० नॅनोमीटरवर, पण २५४ वरही नोंद ठेवायची. अर्कातल्या शिखराचं २५४ आणि ३७० चं गुणोत्तर शुद्ध द्रव्याशी जुळलं तरच ते शिखर एकट्याचं. आपलं जुळलं. मेथॉक्सीचं शिखर शेजारी, वेगळं सुटलेलं. तेही त्याच्या शुद्ध नमुन्याच्या वेळेवर आलं.

आकडे: कच्च्या अर्कात कॅम्प्टोथेसिन ०.३९ टक्के, क्लोरोफॉर्म भागात ५.२ टक्के. पानाच्या कोरड्या वजनावर धरलं तर ०.०७ टक्के. साल-मुळांच्या मानाने कमी, पण पान पुन्हा येतं. क्लोरोफॉर्म भागात मूळ मालाचा साधारण ८९ टक्के आला.

२५ नोव्हेंबर

एन्झाइमची ताकद आधी मोजली. डबीवर लिहिलेल्या युनिटवर विसंबू नये. वाहतुकीत आणि दर वेळी गोठून-वितळून ताकद उतरते. मानवी टोपो-१, बर्फावर, बफरमध्ये निम्मं-निम्मं पातळ करत सात नळ्या. प्रत्येकीत २५० नॅनोग्रॅम पीबीआर३२२ प्लास्मिड (पिळलेलं गोल डीएनए), एकूण २० मायक्रोलिटर, ३७ अंश, ३० मिनिटं.

बफर: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.९, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.१ मिलिमोलर स्पर्मिडीन, ०.१ मिग्रॅ प्रति मिली बोवाइन अल्ब्युमिन, ५ टक्के ग्लिसरॉल. या एन्झाइमला एटीपी लागत नाही आणि मॅग्नेशियमवाचूनही ते चालतं. पोटॅशियम क्लोराइड घालू नये: शेवटी एसडीएस (प्रथिनं विस्कटणारं साबणासारखं द्रव्य) घातलं की पोटॅशियमबरोबर पांढरा साका होतो आणि जेलच्या वेलमध्ये, म्हणजे नमुना भरायच्या खाचेत, अडकतो.

ज्या सर्वांत पातळ नळीत सगळं प्लास्मिड सैल झालं, तितकं एन्झाइम सैलावण्याच्या प्रयोगासाठी. डीएनएवरचा काप पकडण्याच्या प्रयोगासाठी त्याच्या दहापट.

२७ नोव्हेंबर

सैलावण्याचा प्रयोग. रचना:

१. फक्त डीएनए
२. डीएनए आणि एन्झाइम
३. दोन्ही आणि १ टक्का डीएमएसओ (द्रव्यं विरघळवायला वापरलेलं द्रावक)
४. कॅम्प्टोथेसिन १० मायक्रोमोलर
५. कच्चा अर्क १०, २५, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली
६. क्लोरोफॉर्म भाग, त्याच तीन मात्रा
७. टॅनिक आम्ल १० मायक्रोग्रॅम प्रति मिली

कॅम्प्टोथेसिनचं साठवण द्रावण डीएमएसओत १० मिलिमोलर, म्हणजे मिलीला ३.४८ मिलिग्रॅम. उणे २० ला छोट्या भागांत. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं आणि नळी दिव्यासमोर धरून बघावी. तळाशी स्फटिक असले तर वरचं द्रावण पातळ असतं. पायऱ्या डीएमएसओतच पातळ करायच्या, पाण्यात फक्त शेवटची, आणि ती नळीत टाकण्याच्या क्षणी. एन्झाइम सर्वांत शेवटी.

३० मिनिटांनी १ टक्का एसडीएस, मग प्रोटीनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांना आणखी ३० मिनिटं. १ टक्का अ‍ॅगरोज, टीएई बफर, इथिडियम (डीएनए रंगवणारं द्रव्य) न घालता, सेंटिमीटरला ३ व्होल्टपेक्षा जास्त नाही. चालून झाल्यावर ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली इथिडियममध्ये रंगवून पाण्यात अर्धा तास. या जेलसाठी टाकी, ट्रे, कंगवा वेगळे. आधीच्या इथिडियमचा अंश टाकीत राहिला तरी सैल डीएनएचे पट्टे जागा बदलतात आणि जेल वाचताच येत नाही.

निकाल. कच्च्या अर्काने २५ ला सैलावणं जवळजवळ पूर्ण थांबवलं, ५० ला पूर्ण. टॅनिक आम्लाने तेच केलं. शुद्ध कॅम्प्टोथेसिनने मात्र १० मायक्रोमोलरलाही अर्धवटच. क्लोरोफॉर्म भागाचा परिणाम कच्च्या अर्काहून कमी.

हिशोब करू. कच्च्या अर्काच्या ५० मायक्रोग्रॅममध्ये कॅम्प्टोथेसिन ०.३९ टक्के, म्हणजे ०.२ मायक्रोग्रॅम, रेणूभार ३४८, म्हणून साधारण ०.५६ मायक्रोमोलर. शुद्ध द्रव्य १० मायक्रोमोलरला जे करत नाही ते ०.५६ मायक्रोमोलर कसं करेल? ज्या भागात कॅम्प्टोथेसिन तेरापट दाट आहे तो भाग कमी अडवतो. म्हणजे अडवणारं दुसरंच काही आहे. इथेच थांबून ‘प्रभावी अवरोधक’ लिहिलं असतं तर ते टॅनिनचं कौतुक झालं असतं.

१ डिसेंबर

टॅनिनचा छडा. कच्च्या अर्कावर फेरिक क्लोराइड: गडद हिरवट-काळा रंग. जिलेटिनबरोबर गढूळपणा. टॅनिन आहे.

काढण्यासाठी पीव्हीपीपी, म्हणजे पाण्यात न विरघळणारी पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोनची भुकटी. मिलीला ५० मिलिग्रॅम, पीएच ३.५ ला, अर्धा तास हलवून १०,००० आरपीएमवर १० मिनिटं. वरचं द्रावण घ्यायचं. ही भुकटी कॅम्प्टोथेसिनही थोडं धरते, म्हणून एका नळीत ठरावीक शुद्ध द्रव्य घालून किती परत मिळतं ते एचपीएलसीवर मोजायचं. हा आकडा नसेल तर नंतरची तुलना लंगडी.

शुद्ध केलेला अर्क कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण समान ठेवून पुन्हा चालवला. सैलावणं जवळजवळ पूर्ववत. दुसरी खात्री: न शुद्ध केलेल्या अर्काच्या नळीत अल्ब्युमिन दहापट केलं, तरीही अडवणं बरंच उतरलं. टॅनिनला कुठलंही प्रथिन चालतं. जास्तीचं अल्ब्युमिन मिळालं की ते तिकडे चिकटतं आणि एन्झाइम मोकळं होतं. ०.०१ टक्के ट्रायटन (सौम्य साबणासारखं द्रव्य) घालूनही एक नळी चालवावी: पाण्यात गोळे होऊन एन्झाइमला गुंडाळणारी द्रव्यं त्यात उघडी पडतात.

४ डिसेंबर

आता खरा प्रयोग. टोपो-१ डीएनएचा एक धागा कापतं, स्वतः त्या टोकाला सहसंयुज बंधाने चिकटून बसतं, दुसरा धागा त्याभोवती फिरून ताण सुटतो आणि एन्झाइम कापलेलं टोक परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन एकट्या एन्झाइमला धरत नाही, एकट्या डीएनएलाही नाही. कापलेल्या जागी, दोघांच्या फटीत, ते बसतं आणि परत जोडू देत नाही. पेशीत डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या अडकलेल्या एन्झाइमवर येऊन आदळते, दुहेरी धागा तुटतो, पेशी मरते. म्हणून या द्रव्याला अवरोधक म्हणण्यापेक्षा एन्झाइमलाच विष बनवणारं म्हणणं बरोबर. ज्या अर्काने एन्झाइम नुसतं निकामी केलं, तो याच्या उलट काम करतो: एन्झाइमच कापायला जागेवर नसेल तर अडकणार काय?

बघायचं ते कापलेलं प्लास्मिड. एन्झाइम दहापट, बाकी मिश्रण तेच, ३७ अंशांना १५ मिनिटं, मग १ टक्का एसडीएस झटकन. एसडीएस एन्झाइमला त्या क्षणी विस्कटतं, त्यामुळे काप उघडा राहतो. त्यानंतरच प्रोटीनेज-के. क्रम उलटा केला तर एन्झाइमला परत जोडायला वेळ मिळतो आणि पट्टा नाहीसा होतो. प्रोटीनेज विसरलं तर प्रथिन चिकटलेला डीएनए वेलमध्ये अडून राहतो.

या जेलमध्ये इथिडियम हवंच: जेल आणि बफर दोन्हीत ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. त्यामुळे सैल झालेलं वर्तुळ पुन्हा पिळलं जाऊन खाली धावतं आणि एका धाग्यात कापलेलं वर्तुळ एकटंच वर राहतं. हातमोजे दुहेरी. इकोआरआय या दोन्ही धागे कापणाऱ्या एन्झाइमने कापलेलं सरळ पीबीआर३२२ शेजारी ठेवायचं. सरळ पट्टा वाढला तर तो टोपो-१ चा नाही.

वरचा पट्टा: शुद्ध कॅम्प्टोथेसिनला ठळक. क्लोरोफॉर्म भागाला ठळक. पीव्हीपीपी केलेल्या अर्काला फिकट पण स्पष्ट. कच्च्या अर्काला जवळजवळ नाही. टॅनिक आम्लाला अजिबात नाही.

९ डिसेंबर

वरचा पट्टा खोटाही असू शकतो. प्लास्मिड जुनं असेल तर मुळातच थोडं कापलेलं असतं. पहिल्या रांगेत ते दिसतं आणि वजा करावं लागतं. अर्कातली पॉलिफेनॉल लोखंड-तांब्याच्या अंशाबरोबर स्वतःच डीएनए चिरतात. म्हणून प्रत्येक अर्काची एक रांग एन्झाइमशिवाय. आपल्या कुठल्याच भागाने एन्झाइमशिवाय पट्टा दिला नाही.

मिठाची कसोटी: १५ मिनिटांनंतर एसडीएसच्या आधी सोडियम क्लोराइड अर्ध्या मोलरपर्यंत वाढवून ५ मिनिटं थांबायचं. खरी अडकलेली जोडी मिठात सुटते, काप परत जोडला जातो, पट्टा जातो. रासायनिक चीर मिठाने भरून येत नाही. शुद्ध द्रव्य, क्लोरोफॉर्म भाग आणि शुद्ध केलेला अर्क, तिन्हींचे पट्टे मिठाने उतरले.

११ डिसेंबर

डॉकिंगबद्दल, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून बघण्याबद्दल, एवढंच. प्रथिन-रचनांच्या संग्रहातली १टी८आय ही रचना घ्यायची: मानवी टोपो-१, डीएनए आणि कॅम्प्टोथेसिन तिघं एकत्र. डीएनए काढून नुसत्या प्रथिनावर डॉकिंग करू नये, कारण जी जागा हवी ती डीएनए कापल्यावरच तयार होते. उरलेल्या खाचेत कुठलाही चपटा रेणू बसतो आणि छान आकडा देतो. आर्जिनिन ३६४, अ‍ॅस्पार्टिक आम्ल ५३३ आणि अ‍ॅस्पॅराजिन ७२२ या एन्झाइममधल्या अमिनो आम्लांशी हातमिळवणी दिसली पाहिजे. ७२२ ची जागा मुद्दाम बघावी: हे विष स्वतः बनवणाऱ्या कॅम्प्टोथेकाच्या टोपो-१ मध्ये तिथे अ‍ॅस्पॅराजिनऐवजी सेरीन आहे आणि त्यामुळेच ते झाड त्याने मरत नाही.

१६ डिसेंबर

दोन शेवटच्या तुलना.

पहिली: क्लोरोफॉर्म भाग ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे त्यातलं कॅम्प्टोथेसिन साधारण ०.६ मायक्रोमोलर. शेजारी शुद्ध ०.६ मायक्रोमोलर. पट्ट्यांची तीव्रता मोजली तर क्लोरोफॉर्म भाग थोडासाच वर. तो थोडासा फरक मेथॉक्सी भावंडाने भरून निघण्याइतका आहे, त्यासाठी नवं अज्ञात द्रव्य गृहीत धरायची गरज नाही.

दुसरी: तोच भाग पीएच ७.९ च्या बफरमध्ये ३७ अंशांना दोन तास ठेवून मग वापरला. पट्टा बराच फिका. पीएच ३.५ ला दोन तास ठेवलेला शाबूत. म्हणजे काम करणारं रसायन लॅक्टोनचंच. पुढे पेशींवर किंवा प्राण्यांवर कोणी हा भाग वापरला तर एक ध्यानात ठेवावं: माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन उघड्या कड्याला घट्ट धरून ठेवतं, उंदराच्या रक्तात ते कमी होतं. उंदरातला चांगला निकाल माणसाला तसाच लागू होत नाही.

बाटलीवरची चिठ्ठी अशी: ‘नरक्या, पान, क्लोरोफॉर्म भाग, पीएच ३.५, कॅम्प्टोथेसिन ५.२ टक्के, टोपो-१ कापजोडी पकडतं, मिठाने सुटतं, पेशीघातक, उणे २०, अंधारात.’ कच्च्या अर्कावर ‘टॅनिनयुक्त, एन्झाइमच्या प्रयोगाला वापरू नये’. उरलेली पूड, पीव्हीपीपी आणि हातमोजे पिवळ्या पिशवीत, पेशीघातक कचरा म्हणून जाळायला. बेसिनमध्ये काहीही ओतलेलं नाही. क्लोरोफॉर्म आणि इथिडियमचे डबे वेगळे.